‘अजून खात्री नाही’ म्हणणारे डॉक्टर

पत्राचा सारांश : चोवीस वर्षांच्या धाकट्या बहिणीला अकरा दिवसांपासून ताप आहे. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांनी तिला सावकाश तपासले, बरेच प्रश्न विचारले, रक्ताची साधी तपासणी आणि मलेरियाची स्लाइड करवून घेतली आणि ‘आज या तापाला नाव देता येणार नाही’ असे सांगून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले. चौथ्या दिवशी पत्रलेखिकेने तिला स्वतःच लॅबमध्ये नेऊन विडाल चाचणी करवली. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह, १:८०’ असा आला. सातव्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहून तीन मिनिटांत टायफॉइडचे निदान केले आणि चौदा दिवसांची अँटिबायोटिके लिहून दिली. ती अजून सुरू केलेली नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी आठव्या दिवशी रक्ताचे कल्चर पाठवले आणि मलेरियाची स्लाइड पुन्हा करायला सांगितली. कल्चरचा अठ्ठेचाळीस तासांनंतरचा रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा आहे, आणि डॉक्टर अजूनही ‘खात्री नाही’ असेच म्हणतात. अकरा दिवसांत ज्यांना निदान करता आले नाही त्यांच्याकडे थांबावे, की तीन मिनिटांत ज्यांना कळले त्यांचे औषध सुरू करावे, असा पत्रलेखिकेचा प्रश्न आहे. पत्राच्या अखेरीस कंसात एक ओळ आहे : ‘चौथ्या दिवसापासून घरात उरलेल्या एका अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या मी तिला दिल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी परत आला. डॉक्टर रागावतील म्हणून हे त्यांना सांगितलेले नाही.’

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात घातले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. हे वाचून होताच पहिल्या डॉक्टरांना फोन करा आणि त्या पाच गोळ्यांविषयी सांगा : औषधाचे नाव, किती मिलिग्रॅमची गोळी, पहिली कधी दिली आणि शेवटची कधी. दोन डॉक्टरांपैकी कोणाचे ऐकायचे हा प्रश्न त्यानंतरचा आहे, कारण ही माहिती नसताना पहिले डॉक्टर जो रिपोर्ट हातात धरून विचार करत आहेत, त्याचा अर्थ त्यांना चुकीचा लागण्याची दाट शक्यता आहे. ते रागावतील, कदाचित. मी बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आहेत आणि तिथून पाहताना माझे मत असे झाले आहे की, डॉक्टरांना रुग्णाने परस्पर घेतलेल्या गोळीपेक्षा ती लपवल्याचा त्रास कितीतरी अधिक होतो.

असे का, ते समजण्यासाठी रक्ताचे कल्चर म्हणजे काय ते जवळून पाहायला हवे. तुमच्या बहिणीच्या दंडातून काढलेले रक्त एका छोट्या बाटलीत सोडलेले असते. मोठ्या माणसाच्या बाबतीत एका बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त जावे अशी अपेक्षा असते, आणि बाटलीत जंतूंना वाढायला लागणारे पोषक द्रव्य असते. ही बाटली शरीराच्या तापमानाइतक्या उबेत ठेवून देतात. रक्तात जिवंत जीवाणू असतील तर ते वाढू लागतात, श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. काही यंत्रांत त्या वायूमुळे बाटलीच्या तळाशी असलेल्या चकतीचा रंग पालटतो आणि दिवा लागतो. मग तंत्रज्ञ ती बाटली काढून त्यातला थेंब काचेवर घेतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि उरलेल्यातून जीवाणू ताटलीवर वाढवून त्यांची ओळख पटवतो आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते तपासतो. ही सगळी वाट जीवाणूच्या वाढीच्या वेगाने चालावी लागते. डॉक्टरांच्या हुशारीने ती लवकर संपत नाही. म्हणूनच नेहमीच्या पद्धतीत बाटली पाच दिवस ठेवतात आणि अठ्ठेचाळीस तासांचा रिपोर्ट हा केवळ मधल्या टप्प्याचा निरोप असतो. तुमच्या हातातला ‘वाढ नाही’ हा कागद अंतिम नाही, एवढी एक गोष्ट तर आत्ताच लक्षात घ्या.

आता त्या पाच गोळ्या. टायफॉइडमध्ये रक्तातल्या जीवाणूंची संख्या आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. अनेकदा एका मिलिलिटर रक्तामागे एकाहूनही कमी. त्यामुळे कोणतेही औषध घेतलेले नसतानाही रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉइडचे साधारण साठ टक्केच रुग्ण पकडले जातात. मुळातच विरळ असलेल्या या जीवाणूंवर अर्धवट अँटिबायोटिकचा मारा झाला, तर आजार पुरता बरा होत नाही, पण बाटलीत वाढायलाही कोणी उरत नाही. गोळ्यांची माहिती असलेले डॉक्टर असे कल्चर पाहून म्हणतील, ‘यावरून टायफॉइड नाही असे म्हणता येत नाही.’ ती माहिती नसलेले डॉक्टर त्याच कागदाला टायफॉइडच्या विरोधातला बऱ्यापैकी वजनदार पुरावा मानतील. तुमच्या कंसातल्या ओळीने असा फरक पडतो.

या गोळ्यांवरून तुम्ही आणखी एक निष्कर्ष काढला आहे आणि तोही मला तपासून पाहावासा वाटतो. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, म्हणजे औषध बरोबर लागू पडले, म्हणजे आजार जीवाणूंचाच होता, अशी तुमची मांडणी आहे. मात्र टायफॉइडमध्ये अगदी योग्य अँटिबायोटिक सुरू केल्यावरही ताप उतरायला बहुधा तीन ते पाच दिवस लागतात. एका दिवसात उतरलेला ताप पॅरासिटामॉलने उतरलेला असू शकतो, तापाच्या स्वतःच्या चढउताराचा भाग असू शकतो, किंवा मलेरियासारख्या आजारात दोन पाळ्यांच्या मधला विसावा असू शकतो. औषधानंतर बरे वाटले म्हणून औषधानेच बरे वाटले, असे समजून आपण सगळेच फसतो, वैद्यकशास्त्रही शतकानुशतके फसत आले आहे.

विडाल चाचणीवर तुमचा जो भरवसा आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हाच कागद घेऊन गोंधळलेले पुष्कळ वाचक मला लिहीत असतात. फर्नांद विडाल या फ्रेंच वैद्याने १८९६ मध्ये ही चाचणी मांडली. रुग्णाच्या रक्तातल्या द्रवात टायफॉइडच्या जीवाणूंविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी असतील, तर त्यात मिसळलेल्या जीवाणूंच्या गुठळ्या होतात; द्रव किती पातळ केला तरी गुठळ्या होतात, ते १:८०, १:१६० अशा आकड्यांत लिहितात. म्हणजे ही चाचणी जंतू शोधत नाही. शरीराने त्या जंतूशी किंवा त्याच्या एखाद्या भाऊबंदाशी कधीतरी झुंज दिली होती का, एवढेच ती विचारते. जुना संसर्ग, टायफॉइडची लस, किंवा मिळत्याजुळत्या जंतूचा संसर्ग यांपैकी कशानेही तिचे उत्तर ‘हो’ येऊ शकते. जिथे टायफॉइड नेहमी आढळतो तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही कमी पातळीची प्रतिपिंडे सापडतात. शिवाय ही प्रतिपिंडे सहसा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस वाढू लागतात. तुमच्या बहिणीची चाचणी चौथ्या दिवशी झाली आहे. चौथ्या दिवशीची १:८० ही पातळी आताच्या आजाराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन पातळी चौपट झाली तर ती खूण विचारात घेण्याजोगी ठरते, पण तोवर बहुतेक वेळा उपचाराचा निर्णय घेऊन झालेला असतो.

चाचणी म्हटली की तिने ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात वेगवेगळ्या चाचण्या वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि त्यांचे दिवसही वेगवेगळे असतात. मलेरियाची स्लाइड परजीवी डोळ्यांनी पाहते. कल्चर जिवंत जीवाणू वाढवून दाखवते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी विषाणूचे एक प्रथिन शोधते आणि ती पहिल्या चार-पाच दिवसांत अधिक उपयोगी पडते. डेंग्यूच्या प्रतिपिंडांची चाचणी मात्र त्यानंतरच बोलू लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेल्या प्रतिपिंडांच्या चाचणीचे ‘निगेटिव्ह’ हे उत्तर दिलासा मानता येत नाही. पीसीआर जंतूचा जनुकीय अंश शोधते; ती कमालीची तीक्ष्ण असते, पण मेलेल्या जंतूचा अंशही तिला सापडतो. मलेरियाची एक प्रकारची झटपट चाचणी तर रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. या गुंत्यातून एकच गोष्ट ध्यानात ठेवायची : रिपोर्टवरच्या तारखेशेजारी ‘तापाचा कितवा दिवस’ हे लिहिलेले नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच वाचला गेला आहे.

तुम्ही विचारता, ‘पहिल्याच दिवशी सगळ्या चाचण्या का करून टाकल्या नाहीत?’ याचे उत्तर थोड्या हिशोबात आहे. समजा एखादी चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी नव्वद जणांना बरोबर ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी दहा जणांना उगाचच आजारी ठरवते. हजार माणसांत दहा जणांनाच तो आजार असेल आणि सरसकट सगळ्यांची चाचणी केली, तर नऊ खरे आजारी सापडतील आणि नव्व्याण्णव निरोगी माणसांनाही ‘पॉझिटिव्ह’चा कागद मिळेल. म्हणजे बारा पॉझिटिव्हांमागे खरा आजारी एक. हीच चाचणी डॉक्टरांनी नीट तपासून, ज्यांच्यापैकी निम्म्यांना हा आजार असावा असे वाटते अशा हजार जणांवर केली, तर दहा पॉझिटिव्हांपैकी नऊ खरे निघतील. चाचणी तीच, कागद तोच, पण अर्थ पालटला, आणि तो पालटवणारी गोष्ट चाचणीच्या आधी घडली : प्रश्न विचारणे आणि रुग्णाला हात लावून पाहणे. वीस चाचण्या एकदम केल्या की एखादी तरी चुकून पॉझिटिव्ह येतेच, आणि मग त्या चुकीचा पाठलाग सुरू होतो.

तुम्ही लिहिले आहे की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘नको ते’ विचारले : घरात आणखी कोणाला ताप आहे का, पाणी कुठले पिता, जनावरांशी संबंध येतो का, गेल्या काही महिन्यांत प्रवास झाला का. बहीण दीड महिन्यापूर्वी आठवडाभर जंगलाच्या भागात राहून आली होती, पण ‘त्याचा आता काय संबंध’ असे तुम्हाला वाटले. संबंध असा. डेंग्यूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. दीड महिन्यापूर्वीच्या प्रवासातून आता डेंग्यू होणार नाही. टायफॉइडला सर्वसाधारणपणे एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे त्या प्रवासाकडे बोट दाखवणे कठीण आहे. मलेरियाचे तसे नाही. त्याचे काही प्रकार यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतात आणि मग ताप घेऊन बाहेर येतात. एका उत्तरासरशी डॉक्टरांच्या मनातली यादी अशी हलली, आणि दुसऱ्यांदा स्लाइड का मागवली याचेही कारण बहुधा तिथेच आहे.

त्या दुसऱ्या स्लाइडला तुम्ही ‘तेच तेच’ म्हटले आहे. मलेरियाच्या स्लाइडमध्ये रक्ताचा एक थेंब जाड पसरतात, म्हणजे पुष्कळ रक्त एकदम पाहता येते, आणि एक थेंब पातळ पसरतात, म्हणजे परजीवीचा प्रकार ओळखता येतो. तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठ्या दिसणाऱ्या त्या काचेवर तंत्रज्ञ एकामागून एक क्षेत्रे सरकवत जातो. जांभळट-निळसर पार्श्वभूमीवर त्याला शोधायचा असतो तो लाल ठिपक्याचा, निळ्या कडेचा अंगठीसारखा बारीक आकार. आणि किमान शंभर क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘परजीवी नाही’ असे लिहायचे नसते. रंगाचा एखादा कण अंगठीसारखा दिसून फसवतो, मान अवघडते, डोळे चुरचुरतात. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने हा परजीवी रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला अनेकांना बराच वेळ लागला होता. रक्तातल्या परजीवींची संख्या तासातासाला बदलत असते, म्हणून एका निगेटिव्ह स्लाइडवर मलेरिया निकालात काढत नाहीत. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने ती पुन्हा करतात. परवा कोणी सापडले नाही आणि आज सापडले, तर परवाचा रिपोर्ट खोटा होता असे नव्हे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. खात्रीने बोलणारे डॉक्टर अधिक जाणकार आणि ‘खात्री नाही’ म्हणणारे कमी जाणकार, हे तुम्ही गृहीत धरले आहे. दुसऱ्या डॉक्टरांविषयी मी वाईट बोलणार नाही. त्यांचे निदान बरोबरही ठरू शकेल, कारण लांबलेल्या तापात टायफॉइडचा संशय घेणे मुळीच गैर नाही. पण उत्तर बरोबर असणे आणि ते ज्या पुराव्यावरून काढले तो पुरावा पुरेसा असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांनी चौथ्या दिवशीच्या विडालवरून उत्तर काढले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत म्हणून पहिले डॉक्टर विषाणूंकडे झुकले असावेत असा तुमचा तर्क आहे. तसे असेल तर तिथेही सावधगिरी हवी, कारण टायफॉइड जीवाणूंचा आजार असूनही त्यात पांढऱ्या पेशी अनेकदा वाढत नाहीत, उलट कमीच असतात. आणि पहिल्या डॉक्टरांचे एक मला खटकले, तेही लिहितो. आपण का थांबलो आहोत, कशाची वाट पाहत आहोत आणि किती दिवस पाहणार आहोत, हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवे होते. ‘खात्री नाही’ एवढ्यावर वाक्य सोडले की ऐकणाऱ्याला ते ‘कळत नाही’ असे ऐकू येते, आणि मग घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी बाहेर येते.

खात्री होईपर्यंत उपचार थांबलेच पाहिजेत असेही नाही. मेंदूज्वराचा संशय आला तर कोणताही शहाणा डॉक्टर कल्चरच्या उत्तरासाठी दोन दिवस थांबत नाही. नमुना घेतो आणि त्याच तासात औषध सुरू करतो. अकराव्या दिवशी तुमच्या बहिणीच्या बाबतीतही ‘टायफॉइड सिद्ध झालेला नाही, तरी त्यावर उपचार सुरू करू आणि ताप कसा वागतो ते पाहू’ असा निर्णय पूर्णपणे समंजस असू शकतो, किंवा ‘आणखी एक दिवस थांबून कल्चर पुन्हा पाठवू’ हाही. कोणता, ते मी पत्रावरून ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. अस्थिमज्जेचे, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाचे, कल्चर ही आणखी एक वाट असते. थोडे अँटिबायोटिक घेऊन झाल्यावरही ते अनेकदा उत्तर देते. ती तपासणी त्रासदायक असते, म्हणून क्वचितच करतात. एवढे मात्र सांगतो की दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी परस्पर सुरू करू नका. सुरू करायची असेल तर पहिल्या डॉक्टरांना दाखवून करा, किंवा उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडेच न्यायचे असतील तर गोळ्या, स्लाइड, कल्चर, प्रवास अशी सगळी हकीकत त्यांच्यासमोर मांडून पुन्हा मत विचारा. दुसरे मत घेण्यात कसलाही अपमान नाही. अर्धी माहिती देऊन घेतलेले दुसरे मत मात्र पहिल्याइतकेही उपयोगाचे नसते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘नक्की काय झाले आहे?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा : तुमच्या मनात आज कोणकोणत्या शक्यता आहेत? त्यांतली सर्वांत धोक्याची कोणती, आणि ती नाही हे तुम्ही कसे पाहणार आहात? पुढचा रिपोर्ट काय आला तर तुमचे मत बदलेल? आणि कोणत्या लक्षणावर आम्ही वेळ न पाहता धाव घ्यायची? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. बहुतेकांना ते आवडतात. तापाच्या कारणांत संसर्गाखेरीज इतरही आजार असतात, हेही यातून पुढे येईल. १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी तीन आठवड्यांहून अधिक लांबलेल्या, कारण न सापडलेल्या तापाच्या शंभर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत संसर्ग निघाला तो छत्तीस जणांना. तुमची बहीण त्या टप्प्यापासून अजून दूर आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी आत्ताच देऊन ठेवतो, कारण ते कोणत्याही तापाला लागू आहे. बडबड किंवा असंबद्ध बोलणे, गुंगी, झटके, मान ताठ होणे, धाप लागणे, अचानक पोटात असह्य दुखणे, शौचातून, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, दाबल्यावर न मावळणारे लाल-जांभळे ठिपके, पोटात पाणीही न ठरणे, लघवी फार कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठा. टायफॉइड असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, म्हणून पोटदुखीकडे तुम्ही विशेष लक्ष ठेवा. डेंग्यूमध्ये तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. ताप गेला म्हणून निर्धास्त झालेली घरे मी पाहिली आहेत.

आज रात्री एक कागद घ्या आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत रोज एक ओळ लिहा : ताप किती, केव्हा, थंडी वाजली का, कोणती गोळी किती वाजता दिली, कोणता रिपोर्ट कितव्या दिवशीचा. इथून पुढे थर्मामीटर दिवसातून चार वेळा, आणि पॅरासिटामॉल देण्याआधी लावा. आठवत नसेल तिथे अंदाजाने भरू नका, रिकामे ठेवा. उद्या डॉक्टरांकडे जाताना तो कागद, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, विडालसकट सगळे रिपोर्ट, आणि त्या पाच गोळ्यांची रिकामी पट्टी अजून फेकली नसेल तर तीही सोबत न्या.